दुधनी ते धोबी घाट

सिंगापूरच्या भुयारी रेल्वेचा नकाशा पहिल्यांदा हाती आला तेव्हा सौ.चे बोट एका नावाशी येऊन थांबले. ‘‘अहो, हे धोबी घाट लिहिलंय का हो?’’ लिहिले होते खरे. तीन रंगांच्या तीन रेषा जिथे एकमेकींना मिळतात त्या जमिनीखालच्या भल्यामोठ्या स्थानकाचे नाव चक्क ‘धोबी घाट’ आहे. एकेकाळी हिंदुस्थानातून गेलेले परीट तेथल्या ओढ्याकाठी कपडे धूत आणि लगतच्या मैदानावर वाळत घालीत. ओढा गेला, परीट गेले, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. नाव मात्र कोणी बदलले नाही. (आपल्याकडे एव्हाना दोन मोर्चे आणि एक नामांतर समिती होऊन गेली असती.) त्या एका नावाने तिची भीड जी चेपली ती चेपलीच. पुढचे चार दिवस नकाशा तिच्या पर्समध्ये होता आणि मी तिच्या मागे.

आम्ही दुधनीचे. अक्कलकोट तालुक्यातले हे गाव मुंबई-मद्रास लोहमार्गावर आहे, एवढीच त्याची बाहेरच्या जगाला ओळख. १८६० साली सोलापूरला पोचलेली आगगाडी पुढे सरकत १८७१ साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या रुळांना मिळाली, तेव्हा आमच्या शिवारातून गेली. गावापुढे थोड्याच अंतरावर कर्नाटक लागते. इथे तुरीच्या भावाची घासाघीस कानडीत होते आणि पावती मराठीत फाटते. एसटीची पाटी मराठीत वाचायची, पलीकडून आलेल्या बसची कानडीत. दोन लिप्यांच्या पाट्या वाचून गाडी पकडण्याचे शिक्षण इथल्या पोराला शाळेत नाव घालण्याआधीच मिळालेले असते. परदेशी जाण्यासाठी यापेक्षा चांगली पूर्वतयारी कोणती, असा प्रश्न आम्हाला पडला तो साठी उलटल्यावर, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघे बँकॉक, क्वालालंपूर आणि सिंगापूर अशी तीन शहरे बस, रेल्वे आणि होड्या यांच्या जोरावर पाहून आलो. आदल्याच वर्षाअखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांना व्हिसाची अट माफ केली होती, त्यामुळे निम्मे कागदपत्र वाचले. सोबत अर्थातच कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी होती. सोलापूरकडच्या माणसाला याखेरीज सीमा ओलांडता येत नाही.

‘‘टूरबरोबर का नाही गेलात?’’ हा प्रश्न जाण्याआधी आणि आल्यावर इतक्यांनी विचारला, की त्याचे उत्तर एकदा छापूनच टाकावे असे वाटले. सहल कंपन्यांविषयी माझ्या मनात किंतु नाही. उलट गेल्या चाळीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाला पासपोर्ट काढायला कोणी शिकवले असेल तर या कंपन्यांनीच. ज्या बायका एकट्याने तालुक्याच्या गावी गेल्या नव्हत्या त्या गटाबरोबर युरोप पाहून आल्या, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या आरामशीर बसच्या काचेतून जे शहर दिसते ते दूरदर्शनच्या पडद्यावरच्यासारखे. आवाज येत नाही, वास येत नाही, आणि मुख्य म्हणजे चुकायची सोय नसते. बस देवळापाशी थांबते, दुकानापाशी थांबते, पुन्हा हॉटेलात आणून सोडते. या सगळ्यात त्या शहरातला माणूस कामावर कसा जातो, शाळेची पोरे कुठे उतरतात, म्हातारीला जागा कोण देते, हे कधी कळतच नाही. आणि शहर म्हणजे तरी दुसरे काय असते?

शिवाय आम्ही हा धडा देशातच गिरवलेला होता. १९८८ साली एसटीने ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना काढली. ठरावीक रकमेचा पास काढा आणि मुदतीत राज्यभर कुठेही, कितीही फिरा. आता हा पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. लग्नानंतरची आमची मोठी सहल ही त्या पासावरचीच. पंढरपूर, कोल्हापूर, रत्नागिरी, पुन्हा वर पुणे. मुक्काम कुठे करायचा हे बसस्थानकाच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर ठरे. अशा पासाने माणसात एक मोकळेपणा येतो. चुकीच्या गाडीत बसलो तर पैसे जात नाहीत, फक्त वेळ जातो. आणि सुटीत वेळ जाण्यासाठीच तर असतो. पुढे बँकॉक-सिंगापूरला आम्ही हिंडलो ते याच हिशेबाने.

मराठी वाचकाला पूर्वेकडच्या या शहरांची ओळख नवीन नाही. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई त्या बाजूला फिरून आल्या आणि १९६३ साली ‘पूर्वरंग’ हाती पडले, त्याला साठ वर्षे उलटून गेली. पण त्या काळी बँकॉकमध्ये खांबांवरून धावणारी रेल्वे नव्हती आणि सिंगापुरात भुयारी. म्हणजे नवरा-बायकोने नकाशावरून भांडायचे हे सुख आमच्या पिढीच्या वाट्याला आले.

भांडणाची सुरुवात बँकॉकच्या ‘सयाम’ स्थानकात झाली. विमानतळाचे नावच सुवर्णभूमी. तिथून शहरात येणारी रेल्वे २०१० पासून आहे. ती फया थाय नावाच्या स्थानकावर सोडते. तिथून खांबांवरची रेल्वे, जी १९९९ च्या डिसेंबरात सुरू झाली. आम्हाला नदीकाठी जायचे होते आणि त्यासाठी सयामला गाडी बदलायची होती. गाडीतून उतरलो. ‘‘ही काय समोरच उभी आहे,’’ ती म्हणाली. तिचे गुडघे दुखतात, जिना चढायचा नाही म्हणून ती असे म्हणत असणार, असे मी मनाशी ठरवले. गाडी बदलायची म्हणजे पूल चढायचा, दुसऱ्या फलाटावर जायचे, हमालांना चुकवायचे, हे वाडी आणि दौंडला शिकलेले शास्त्र. मी तिला घेऊन जिना चढलो, वरच्या फलाटावरच्या गाडीत बसलो, एक स्टेशन गेलो आणि गाडी संपली. म्हणजे मार्गच संपला. उलट्या दिशेचे ते शेवटचे स्थानक होते. परत आलो. ज्यांना बदलायचे असते त्यातल्या बहुतेकांना जिना चढावा लागू नये, समोरच्या फलाटावर पुढची गाडी यावी, अशी त्या स्थानकाची मुद्दाम केलेली दुमजली रचना आहे. कोणीतरी कागदावर रेघोट्या ओढताना गुडघे दुखणाऱ्या बाईचा विचार केला होता. मी तेवढाही केला नाही. ती काही बोलली नाही. फक्त नकाशा माझ्या हातातून काढून घेतला.

मग मी नकाशाऐवजी कान उघडे ठेवले. डब्यात प्रत्येक स्थानकाआधी एक घोषणा होते, तिच्यात ‘सथानी’ हा शब्द येतो. स्थान, स्थानक, सथानी. थाई लिपी आपल्याला वळणावळणाची भुतावळ वाटते, पण ती ख्मेर लिपीमार्गे पल्लवांच्या लिपीकडे आणि शेवटी ब्राह्मीकडेच जाते. म्हणजे आमच्या कानडी पाट्यांची दूरची बहीण. एका रस्त्याचे नाव रातचाविथी, म्हणजे आपली राजवीथी. नदीपलीकडचे मंदिर वात अरुण. असे एकेक नाव ओळखीचे निघू लागले तसे ते शहर परके राहिले नाही. टूरच्या बसमध्ये असतो तर मार्गदर्शकाच्या ध्वनिक्षेपकाने ‘सथानी’ कानावर पडूच दिले नसते.

बँकॉकच्या साध्या बसचा अनुभव तर थेट गावी घेऊन गेला. तिथला वाहक (बहुधा बाईच असते) हातात पत्र्याची एक लांबट नळी बाळगतो. तिच्यात तिकिटांच्या गुंडाळ्या आणि सुटे पैसे. नळीचे झाकण तो टकटक वाजवीत गर्दीतून फिरतो. एसटीत यंत्रे येण्याआधी आपला कंडक्टर हाच आवाज करीत असे. तिकिटाला भोके पाडायचा चिमटा गजावर आपटला की झोपलेले उतारू जागे होत आणि खिसे चाचपू लागत. आपल्याकडचा तो आवाज गेला. बँकॉकला तो अवचित ऐकू आला आणि आम्ही दोघांनीही एकदमच पैसे काढले. बाईंना हसू आले.

आणि होड्या! चाओ फ्राया नदीतून झेंड्यांच्या रंगांवरून ओळखायच्या प्रवासी बोटी धावतात. बोट धक्क्याला लागताना मागे उभा असलेला पोऱ्या शिट्टीच्या निरनिराळ्या सुरांवर चालकाला सांगतो, मागे घे, थोडी डावीकडे, थांब. हा शिट्टीचा संवाद ऐकण्यासाठी आम्ही गरज नसताना दोन फेऱ्या जास्त केल्या. सान सेप नावाच्या कालव्यातल्या बोटी मात्र पर्यटकांसाठी नाहीतच. पाणी काळे, वेग भन्नाट. शिंतोडे उडू लागले की काठावर बसलेल्यांनी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घ्यायचा, हा तिथला रिवाज. वाहक डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत पैसे गोळा करतो. माझ्या शेजारच्या कचेरीत निघालेल्या मुलीने एका हाताने पडदा आणि दुसऱ्या हाताने ओठांची लाली असे दोन्ही सांभाळले. सौ.ने दुसऱ्या थांब्यापर्यंत दोरीचे तंत्र आत्मसात केले होते.

बँकॉकला नावे ठेवण्यासारखे पुष्कळ आहे. पदपथ उखडलेले, मोटारींची कोंडी आपल्या तोंडात मारील अशी, काही स्थानकांत सरकता जिना नेमका हवा तिथे नसतो. पण म्हणूनच ते शहर आपल्याला काही शिकवू शकते. सिंगापूरचे दाखले दिले की आपल्याकडे लगेच उत्तर मिळते, ‘तो इवलासा देश, शिस्तीचा, श्रीमंत.’ बँकॉक तसे नाही. ते आपल्यासारखेच बेशिस्त आहे, फक्त त्याने गर्दीला पर्याय दिले. रस्ता तुंबला तर वरून रेल्वे, ती नको तर खालून कालवा.

बँकॉकहून आम्ही रात्रीच्या गाडीने मलेशियाच्या सीमेकडे निघालो. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या २०२३ च्या जानेवारीपासून नव्या, विमानतळासारख्या स्थानकातून सुटतात; जुने हुआ लाम्फोंग स्थानक, १९१६ सालचे, आता जवळपास रिकामे असते, ते आधी जाऊन पाहिले. डब्यात बर्थ आडवे नसून वाटेच्या दोन्ही बाजूंना लांबीने असतात आणि प्रत्येकाला पडदा. संध्याकाळी एक माणूस येऊन बिछाने घालून जातो. कडक भाकरी निघाली. समोरच्या थाई बाईंनी तुकडा घेतला, चटणी घेतली, डोळ्यांतून पाणी काढले आणि पुन्हा चटणी घेतली.

सकाळी पडांग बेसार. या स्थानकाविषयी दोन शब्द जास्त लिहिणार आहे, कारण मला तिथे आपले गाव आठवले. दोन सार्वभौम राष्ट्रे. भाषा दोन, धर्म दोन, चलने दोन, घड्याळात एक तासाचा फरक. आणि एकाच छपराखाली दोन्ही देशांच्या खिडक्या. एका खिडकीवर थायलंड सोडल्याचा शिक्का घ्यायचा, पुढच्या खिडकीवर मलेशियात आल्याचा, आणि त्याच स्थानकातून क्वालालंपूरची विजेची गाडी धरायची. सामान डोक्यावर घेऊन मैलभर चालायचे नाही, टांगेवाल्याशी हुज्जत घालायची नाही. आमच्या डब्यात सीमेपलीकडे मुलीच्या बाळंतपणाला निघालेली म्हातारी होती, दुकानाचा माल घेऊन परतणारा व्यापारी होता. त्यांच्या लेखी ती सीमा म्हणजे दोन खिडक्यांची रांग होती, बस्स.

क्वालालंपूर आम्ही धावतेच पाहिले. हलक्या रेल्वेत बसून ‘पासार सेनी’ला उतरलो (पासार म्हणजे बाजार, हे सांगायला कोणी लागले नाही), जामा मशिदीपाशी दोन नद्यांचा संगम पाहिला आणि उंच जोड-मनोरे सगळे पाहतात म्हणून पाहिले. तिथून बसने सिंगापूर.

सिंगापूरविषयी सगळ्यांनी सगळे लिहिलेले आहे, तेव्हा स्वच्छतेचे गुणगान टाळतो. फलाटावर सौ.ने सवयीने पिशवीत हात घातला आणि भिंतीवरची पाटी पाहून भाकरी पुन्हा आत गेली. रेल्वेत नि स्थानकात खाणे-पिणे बंद, मोडल्यास पाचशे डॉलरपर्यंत दंड. मला जास्त वाटली ती तिकिटाची गंमत. बसमध्ये चढताना कार्ड लावायचे, उतरताना लावायचे. बसमधून उतरून रेल्वेत आणि रेल्वेतून पुन्हा बसमध्ये बसले तरी तो सगळा एकच प्रवास धरून अंतराचे पैसे कापले जातात. गाडी बदलली म्हणून नव्याने पहिल्या टप्प्याचे पैसे द्यायचे नाहीत. ऐकायला ही बारीक बाब वाटते. पण आपल्याकडच्या माणसाचा प्रवास महाग होतो तो नेमका या बदलाबदलीत. गावातून बसचे तिकीट, पुढे रेल्वेचे तिकीट, उतरल्यावर रिक्षा. प्रत्येक वाहन जणू आपण आत्ताच जन्माला आलो असे समजून पैसे घेते. आपल्याकडेही २०१९ साली सर्व वाहनांना चालेल असे एक राष्ट्रीय कार्ड निघाले, पण कार्ड एक झाल्याने भाडे एक होत नाही.

दुसरी बाब कमी सांगितली जाते. सिंगापूरने रेल्वे बांधली १९८७ साली, पण त्याआधी बारा वर्षे, १९७५ मध्येच, गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागात मोटार नेणाऱ्याकडून पैसे घ्यायला सुरुवात केली होती. १९९० पासून तर मोटार घेण्याचा हक्कच लिलावात विकत घ्यावा लागतो, तोही दहा वर्षांसाठी. म्हणजे बसला रस्ता मोकळा मिळतो तो चालकाच्या कौशल्याने नव्हे, मोटारवाल्यांच्या नाराजीची किंमत सरकारने मोजली म्हणून. आपले पुढारी सिंगापूरला अभ्यासदौऱ्यावर जाऊन येतात तेव्हा पुलांची छायाचित्रे आणतात. हा धडा कोणी पिशवीत घालून आणल्याचे ऐकिवात नाही.

आणि खरे तर शिकायला आपण इतक्या लांब का जावे? आशियातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ती आणण्यासाठी खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेठ होते. हाँगकाँगच्या ज्या स्टार फेरीत बसण्यासाठी जगभरचे पर्यटक जातात ती कंपनी १८८८ साली सुरू केली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. क्वालालंपूरच्या लोकल गाड्यांत बायकांचे वेगळे डबे २०१० साली आले. मुंबईत फक्त बायकांची अख्खी गाडी ५ मे १९९२ पासून धावते आहे आणि बायकांचा डबा तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. पहिलेपणाचा मान आपल्याकडे आहे. त्याच मुंबईत रुळांवर आणि दारात लटकून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावत आली आहेत, हेही आपल्याकडेच. सिंगापूरहून आलेल्या पाहुण्याला आपण लोकल दाखवायला नेतो तेव्हा नेमके काय दाखवतो, याचा विचार व्हायला हवा. तो दोन स्थानके जाऊन उतरतो आणि थरारक अनुभव सांगतो. कल्याणची मुलगी रोज जाते.

लहान गावांचे दुखणे आणखी निराळे. तिथे प्रश्न गर्दीचा नाही, गाडी आहे की नाही याचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे गाड्या थांबल्या, त्याच महिन्यात रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलतही काढून घेतली. पुरुषांना चाळीस टक्के, बायकांना पन्नास टक्के मिळत असे. साथ ओसरली, गाड्या परत आल्या. सवलत पाच वर्षे उलटली तरी आली नव्हती. पॅसेंजर गाड्या परत आल्या त्याही कित्येक ठिकाणी एक्स्प्रेसचे भाडे लावून. दहा रुपयांचे किमान भाडे पूर्ववत व्हायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला, म्हणजे आम्ही पडांग बेसारला होतो तो महिना. मधल्या काळात २०२१ च्या अखेरीपासून एसटीचा प्रदीर्घ संप झाला. शहरातल्या माणसाने ती बातमी वाचली. खेड्यातल्या मुलीची शाळा त्यात बुडाली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तर वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट. त्यानंतर एसटीत कोण बसलेले दिसते, हे आमच्या भागात नजर टाकली तरी कळते. बायका. एकट्या, दोघी, डब्यासह, पोरासह. माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, आणि काहीच काम नसतानाही. यावर पारावर बसून विनोद करणारे पुष्कळ आहेत. पुरुष काहीच काम नसताना तालुक्याला जातो तेव्हा त्याला कामानिमित्त म्हणतात.

पण ही अर्धी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत साध्या बसमध्ये बायकांचा प्रवास मोफत केला, तो त्या राज्याच्या रहिवासी बायकांना आणि त्या राज्याच्या हद्दीत. आता आमच्या घरचा हिशेब पाहा. सौ.ची थोरली बहीण गुलबर्ग्याला दिलेली. (२०१४ पासून कलबुर्गी म्हणायचे, पण अक्का स्वतः गुलबर्गाच म्हणते.) अक्का गुलबर्ग्याहून सीमेपर्यंत फुकट येऊ शकते. सौ. दुधनीहून सीमेपर्यंत अर्ध्या तिकिटात जाऊ शकते. मधे जी काही रेघ आहे, ती डोळ्यांनी दिसत नाही; दोन्हीकडे तूरच उभी असते. तिथे एकीची सवलत संपते आणि दुसरीची सुरू होत नाही. दोघी सख्ख्या बहिणी, भाषा एक, आडनावे लग्नाने बदललेली, आणि तिकिटाच्या दृष्टीने दोन देशांच्या. दोन देश तरी म्हणावे कसे? पडांग बेसारला दोन देश होते.

सीमाप्रश्नात मला पडायचे नाही. १९५६ पासून तो चालू आहे, १९६७ च्या महाजन अहवालात आमचा तालुकाही चर्चेला आला होता, आणि त्यावर बोलणारी मोठी माणसे आहेत. माझे म्हणणे बसपुरते आहे. हा प्रश्न तापतो तेव्हा पहिला दगड बसवर पडतो. २०२२ च्या डिसेंबरात दोन्हीकडच्या बसना काळे फासले गेले, एसटीच्या कर्नाटकातल्या फेऱ्या थांबल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच. ज्यांनी काळे फासले त्यांतल्या एकालाही त्या दिवशी त्या बसने कुठे जायचे नव्हते. सीमेलगतच्या चार-सहा तालुक्यांपुरती तरी दोन्ही महामंडळांनी एकमेकांची सवलत मानावी, एकच पास काढावा. ज्येष्ठांना आणि बायकांना तो सीमेच्या दोन्ही अंगांना वीस-पंचवीस किलोमीटर चालावा. हिशेब दोन्हीकडच्या कचेऱ्यांनी महिनाअखेरीस आपापसांत करावा. बस आणि रेल्वे यांच्या भाड्याचा हिशेब सिंगापुरात उतारू कार्ड काढून खिशात ठेवेपर्यंत लागतो. आपल्याला महिना पुरायला हरकत नाही.

मी हे सारे लिहितो आहे त्याला एक घरगुती कारणही आहे. अक्काला गेल्या काही वर्षांत मधुमेहाने पायाचे दुखणे जडले. दर महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे जावे लागते. आजवर हे जाणे माझ्या सवडीने होत असे. मी नेणार, मी आणणार; मला शेताचे किंवा पतपेढीचे काम निघाले की अक्काची भेट पुढे. तीस वर्षांत सौ.ने दुधनी स्थानकाच्या खिडकीवर स्वतः तिकीट काढले नव्हते. मी काढू दिले नव्हते असे नाही, पण ती वेळच आली नव्हती, असे मी म्हणत असे. सयाम स्थानकातल्या जिन्यावर माझे हे म्हणणे थोडे डळमळले. जी बाई तीन देशांत चार लिप्यांचे नकाशे वाचत मला हिंडवून आणू शकते, तिला बोरोटीच्या अलीकडे उतरावे की पलीकडे हे मी तीस वर्षे सांगत आलो होतो.

परतताना सोलापूर स्थानकावर सकाळचे नऊ वाजले होते. बॅगा माझ्यापाशी ठेवून ती म्हणाली, ‘‘तुम्ही बसा, मी आणते.’’ रांग मोठी होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात दुधनीची दोन तिकिटे होती आणि सोबत गुलबर्ग्याकडच्या गाड्यांच्या वेळा, तिकिटाच्याच पाठीवर लिहून घेतलेल्या.

गेल्या मंगळवारी ती अक्काकडे गेली. एकटी. स्थानकापर्यंत सोडायला येतो म्हटले तर ‘‘मोटारसायकल राहू द्या, चालत जाते’’ म्हणाली. अकराच्या सुमारास फोन आला. ‘‘पोचले. अक्काचा पाय बरा आहे. परतीची गाडी संध्याकाळची आहे, पण पाचला फोन करू नका, आम्ही दोघी बाजारात असू. आणि अहो, ती सिंगापूरची पिशवी खुंटीला आहे ना, तिच्यातला नकाशा तेवढा काढून ठेवा, अक्काला धोबी घाट दाखवायचाय.’’